होडी सोडण्यापूर्वी

आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळींनी मागे एकदा आमच्यापुढे एक विचित्र मागणी ठेवली. दरवर्षीची सहल म्हणजे एखादे तीर्थस्थान, दुपारचे जेवण, अंताक्षरी आणि परतीच्या बसमध्ये पेंगणारी डोकी, हा क्रम त्यांना आता नको होता. त्यांना नदीत कयाक चालवायची होती. कयाक म्हणजे एक किंवा दोन माणसांची निमुळती, हलकी होडी. दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे हाती घेऊन डावी-उजवीकडे पाणी मागे सारीत ती चालवावयाची. उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांनी सीलच्या कातड्यापासून बनविलेली ही नाव आज प्लास्टिकचे रूप घेऊन आपल्या कोकणातील नद्या-खाड्यांपर्यंत येऊन पोहोचली आहे.

आम्ही प्रथम हसण्यावारी नेले. भिवंडीत राहणाऱ्यांनी नदीची हौस करावी हेच मुळी आश्चर्य! आमची कामवारी नदी गावाच्या अंगाखांद्यावरून वाहते खरी, पण यंत्रमागांच्या आणि रंगाईच्या या गावात तिचे पाणी कसे झाले आहे हे सांगावयास नको. तथापि मंडळींनी चौकशी पुरी केली होती. तालुक्याच्या दक्षिणेस उल्हासची खाडी आहे, तेथे खाडीकाठच्या एका गावी संथ पाणी आहे, कयाक भाड्याने आणता येतात, लाइफ जॅकेट मिळतात, सोबत शिकविणारा जाणकार असतो. सर्व खरे होते. मग एका संध्याकाळी एक माउली आमच्या कार्यालयात आली. तिचा एकुलता एक मुलगा या बेतात पुढे होता. ती म्हणाली, “फादर, मला पाण्याची भीती वाटते. पण तुम्ही बरोबर आहात, म्हणून पाठवते.”

वाचकहो, धर्मगुरूच्या आयुष्यात हे वाक्य फार वेळा कानी पडते. त्याने सुख होते आणि ओझेही होते. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. त्याचे एक कारण होते. ते आम्ही तोपर्यंत कोणाला सांगितले नव्हते.

तीस-एक वर्षांपूर्वी, सेमिनरीत शिकत असताना, सुट्टीच्या एका दुपारी आम्ही आणि आमचा एक सोबती एका खाडीवर गेलो होतो. काठावर लहानशी होडी बांधलेली होती. होडीवाला म्हणाला, “आता नेऊ नका, सकाळी या.” ऊन लख्ख होते, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आम्ही त्याला म्हटले, “अर्ध्या तासात परततो.” आग्रह आमचा होता, सोबत्याचा नव्हता. खाडीच्या मध्यावर पोहोचेपर्यंत समुद्राकडून वारा उठला आणि पाहता पाहता पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उसळू लागल्या. होडी आडवी झाली आणि उलटली. आम्ही होडीला धरून राहिलो. सोबत्याच्या नाकातोंडात पाणी गेले. जाळे ओढणाऱ्या दोघा माणसांनी त्याला केसांना धरून वर काढले, म्हणून तो वाचला. आज तो दूरच्या धर्मप्रांतात सेवा करतो. भेटला की त्या दुपारचा विषय काढत नाही, आणि त्याने तो काढू नये म्हणून आम्हीही गप्प राहतो.

ज्या गोष्टीस आम्ही इतकी वर्षे ‘दुर्दैव’ म्हणत आलो, ती खरोखर काय होती, हे समजून घेतल्यावाचून त्या माउलीच्या मुलाला पाण्यावर नेणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटेना. म्हणून आम्ही खाडीकाठच्या त्या गावी गेलो. तेथे एक वृद्ध आगरी गृहस्थ आहेत. सारे गाव त्यांना ‘बाबा’ म्हणते. जन्म सारा होडीत आणि मिठागरात गेलेला. आम्ही त्यांना विचारले, “बाबा, नवख्या मुलांना पाण्यावर नेण्यास चांगले हवामान कोणते?” बाबा म्हणाले, “पानी जातंय नि वारा येतोय, तवा होरी बांधून ठेवाची, फादर. बाकीचा मंग बगू.”

एवढ्या एका वाक्याने तीस वर्षांचे कोडे उलगडले. उल्हासची ही खाडी पश्चिमेस वसईजवळ समुद्राला मिळते. ओहोटी लागली की पाणी पश्चिमेकडे धावते. दुपारी जमीन तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील गार हवा आत शिरते. शाळेत आपण यांनाच खारे वारे म्हणून शिकलो. हे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे येतात. म्हणजे ओहोटीच्या दुपारी पाणी एका दिशेने जाते आणि वारा नेमका त्याच्या तोंडावर येतो. दोहोंच्या झटापटीत लाटा जवळजवळ येतात, उंच होतात, त्यांची पाठ उभी होते. तोच वारा भरतीच्या पाण्याबरोबर वाहिला असता तर पाणी पुष्कळसे सपाट राहिले असते. आमच्या त्या दुपारी आभाळ निरभ्र होते, म्हणून आम्ही हवामान चांगले समजलो. होडीवाल्याने आभाळाबरोबर घड्याळ आणि पाणीही पाहिले होते.

रात्री याच्या उलट घडते. जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, आणि जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारे वाहतात. पहाटे तेही विरत जातात. म्हणून संथ पाण्याची खरी वेळ सूर्योदयापासून पुढच्या दोन-तीन तासांची. समुद्रकाठी खारा वारा दहा-अकराच्या सुमारास जागा होतो, आत भिवंडीच्या बाजूस त्याहून उशिरा. नवख्याने तो येण्याची वाट पाहू नये. तो येण्यापूर्वी काठावर असावे.

भरती-ओहोटीचे गणित बाबांनी बोटांवर करून दाखविले. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि सायंकाळी सहाच्या आसपास भरती. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास. पंचांग जवळ असले की पुरे. मात्र खाडीतून जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. त्या धक्क्यावर तासाहून थोडा अधिक उशीर होतो, असे बाबांचे म्हणणे. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाण्याला उधाण येते. चढणेही फार, उतरणेही फार, आणि म्हणून ओढही फार. अष्टमीच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एकमेकींस काटकोनात पडते आणि पाणी थोडेच चढते-उतरते. त्याला कोळी-आगरी मंडळी भांग म्हणतात. नवशिक्याने भांगाचा दिवस निवडावा आणि भरती पुरी होऊन पाणी क्षणभर थबकते त्या सुमारास होडी सोडावी.

वारा किती चालेल, याचेही एक माप आहे. फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याच्या जोराच्या पायऱ्या ठरविल्या. त्यांची ओळख पटविण्यास यंत्र लागत नाही. धूर सरळ वर जात असेल तर वारा शून्य. धूर कलतो पण पान हलत नाही, ही पहिली पायरी. चेहऱ्यास वारा जाणवतो, पाने सळसळतात, ही दुसरी, म्हणजे ताशी ६ ते ११ किलोमीटर. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, हलके निशाण फडकून ताठ होते, पाण्यावर कोठे कोठे पांढरा फेस दिसतो, ही तिसरी, ताशी १२ ते १९. धूळ आणि कागद उडू लागले की चौथी, ताशी २० ते २८. नवख्यांनी दुसऱ्या पायरीवर समाधान मानावे, तिसरी लागताच काठ गाठावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे ध्यानी ठेवले म्हणजे एका पायरीचा फरक किती मोठा, ते कळते. आमच्या गावात सायझिंगच्या चिमण्या आहेत. सणाच्या दिवसांत देवळाच्या आवारात पताकाही असतात. अशा रीतीने भिवंडीकरांस वारा मोजण्याची सोय घरबसल्या झालेली आहे!

पावसाळ्याविषयी फार लिहावयास नको. जूनपासून सप्टेंबरअखेर आमच्या नद्यांत हौसेने उतरणे हा अविचार होय. कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला मान देत आले ते उगीच नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्या दिवशी उल्हासने बदलापूर-कल्याणपर्यंत घरे बुडविली. भिवंडीकरांनाही तो दिवस विसरता येत नाही. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ उल्हासच्याच पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस अडविली आणि हजारांहून अधिक प्रवाशांची होड्यांतून व हेलिकॉप्टरच्या मदतीने सुटका करावी लागली. पाऊस ओसरला तरी मैल्याने आणि उंदरांच्या मुताने दूषित झालेले पाणी लेप्टोस्पायरोसिससारखा ताप देते, म्हणून पायाला जखम असणाऱ्याने तर पुढेही सांभाळावे. एप्रिल-मे महिन्यांत पाणी संथ असते, पण सूर्य डोक्यावर जाळतो आणि वळीव केव्हा गाठील त्याचा नेम नाही. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस. त्यांतही एक पथ्य आहे. हिवाळी पहाटे खाडीवर दाट धुके उतरते. पन्नास पावलांवरचे दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्या रेतीच्या बोटीला तुमची बुटकी कयाक तर मुळीच दिसत नाही. धुके फिटेपर्यंत थांबावे.

ऑक्टोबर मात्र फसवा. पाऊस गेला असे आपण म्हणतो, पण दुपारनंतर पूर्वेस सह्याद्रीवर ढगांचे मनोरे उभे राहतात आणि सायंकाळी विजेसह कोसळतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पाण्यावर क्षणभरही थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्यावाचून परत उतरू नये. उघड्या पाण्यावर बसलेला माणूस हाच आसपासचा सर्वांत उंच खांब असतो.

येथे आम्हांस शुभवर्तमानातील एक प्रसंग आठवतो. सायंकाळी आभाळ तांबडे दिसले की उद्या हवा चांगली, असे लोक अनुमान करतात, याचा उल्लेख प्रभू येशूने मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात केला आहे. पॅलेस्टाइनमध्ये पाऊस आणणारे वारे पश्चिमेकडून, भूमध्य समुद्रावरून येतात. सायंकाळी पश्चिम तांबडी दिसली, म्हणजे तिकडे आभाळ मोकळे आहे, येणारा दिवस कोरडा. आम्ही हेच अनुमान लहानपणापासून पाठ केले होते. पण आमच्या ऑक्टोबरमध्ये गडगडाटी ढग पूर्वेच्या डोंगरांवर वाढतात. पश्चिम कितीही तांबडी, सुरेख दिसो, तिला त्यांची वार्ता नसते. खूण खरी होती, ती दुसऱ्या भूमीची होती. ज्या गालील सरोवरावर शिष्यांना वादळाने गाठले ते समुद्रसपाटीहून दोनशे मीटरहून अधिक खाली, डोंगरांच्या कुशीत आहे. त्या डोंगरांवरून वारा अकस्मात खाली उतरतो. बारा शिष्यांपैकी पेत्र, आंद्रेया, याकोब आणि योहान हे चौघे त्याच पाण्यावर मासेमारी करून वाढलेले. तेही घाबरले. जाणत्यालाही पाणी फसविते, मग आमच्यासारख्यांची कथा काय?

असा सारा अभ्यास करून आम्ही मंडळींस तारीख दिली. त्यांनी रविवार मागितला होता. पण मिस्सा, त्यानंतरची नाष्ट्याची गडबड आणि प्रवास धरता दहा वाजल्यावाचून पाणी दिसले नसते. मिस्सा चुकविता येत नाही आणि वारा थांबविता येत नाही, म्हणून शनिवार ठरला. नोव्हेंबरपर्यंत थांबावे असे आमचे मन म्हणत होते, पण परीक्षांमुळे ऑक्टोबरचा शेवट धरावा लागला. तिथी सप्तमी. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर जिल्ह्यापुढे हिरवा रंग होता.

शनिवारी पहाटे आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा पाणी आरशासारखे होते. वारा शून्य. समोरच्या काठावरील चुलीचा धूर सरळ वर चढत होता. वीस-बावीस मुले-मुली लाइफ जॅकेटे चढवून उभी होती, छायाचित्रे निघत होती. ती माउलीही डबा घेऊन आली होती. तेवढ्यात बाबांनी आम्हांस बाजूस बोलाविले आणि पाण्याकडे बोट केले. पाणी तांबूस होते. भरती साडेसहाच्या सुमारास पुरी झालेली, आता आठ वाजत आलेले, तरी धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी म्हणावे तितके उतरले नव्हते. मध्यावरून जलपर्णीचे झुबके आणि मोडक्या फांद्या वेगाने वाहत होत्या. आदल्या रात्री शहापूरच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला असावा, असे बाबा म्हणाले. भातसा आणि काळू यांचे पाणी शेवटी उल्हासकडेच येते. आमच्या डोक्यावरील आभाळ निळे होते. पण नदीचे हवामान पन्नास किलोमीटर वरच्या डोंगरात ठरले होते.

आम्ही शिकविणाऱ्या जाणकाराकडे पाहिले. तो म्हणाला, काठाकाठाने नेता येईल, निर्णय तुमचा. पैसे भरलेले होते. मुलांचे डोळे आमच्यावर होते. आम्ही म्हणालो, “आज नाही.”

“पण फादर, आभाळ तर स्वच्छ आहे!” एकजण म्हणाला. मागून कोणीतरी हळूच, पण आम्हांस ऐकू जाईल असे पुटपुटले, “फादर घाबरले.”

त्या क्षणी पुष्कळ उत्तरे जिभेवर आली. पदाच्या आड लपता आले असते. परंतु का कोण जाणे, आम्ही म्हणालो, “होय, घाबरलो.” आणि मग त्या धक्क्याच्या पायरीवर बसून, तीस वर्षे कोणाला न सांगितलेली ती दुपार आम्ही त्यांना सांगितली. होडीवाल्याने नको म्हटले होते, आग्रह आमचा होता, आणि बुडता बुडता वाचला तो दुसराच, हे सारे सांगितले. मुले गप्प झाली. त्या माउलीने पदराने डोळे टिपले आणि डबा उघडला.

येथे वाचकांची अपेक्षा अशी असेल की, तासाभरात पुराचा लोंढा आला आणि आमचा निर्णय खरा ठरला. तसे काही झाले नाही. दिवसभर ऊन लख्ख राहिले. दुपारपर्यंत पाणी पुष्कळ निवळले. कदाचित काठाकाठाने नेले असते तर सर्वजण हसत परतले असते. भरलेल्या पैशांपैकी निम्मे परत मिळाले, निम्मे गेले. आठवडाभर आवारात आमच्याकडे पाहून कोणी कोणी मिस्किल हसत होते. योग्य नकाराचे हेच दुःख आहे की, त्याचा पुरावा कधी मिळत नाही. जे घडले नाही ते कोण दाखविणार? आमच्या सोबत्याच्या होडीवाल्यालाही त्याचा पुरावा मिळाला तो केवळ आम्ही त्याचे ऐकले नाही म्हणून.

डिसेंबरात अष्टमीच्या एका शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. आठ पाऊण सहा, अधिक बाबांचा तासभर. सव्वासातला भरती पुरी झाली. धुके होते, म्हणून पाऊण तास चहा पीत काठावर बसलो. कोणी कुरकुर केली नाही. एका मुलाने आपणहून धुराकडे बोट दाखवून “फादर, पहिली पायरी!” असे सांगितले. आठाच्या सुमारास होड्या सुटल्या. प्रथम पूर्वेस, मंद ओहोटीच्या आणि हलक्या मतलई वाऱ्याच्या विरुद्ध जावयाचे, म्हणजे अंगात ताकद असेपर्यंत कष्ट होतात आणि दमल्यावर पाणीच घरी आणून सोडते. हा क्रम बाबांनी ठरविला होता. खारफुटीच्या कडेने बगळे उडाले, एक खंड्या निळी रेघ ओढून गेला. सर्वांत पुढे त्या माउलीचा मुलगा होता. साडेनऊला शेवटची होडी धक्क्याला लागली. अकराला आम्ही बसमध्ये बसलो तेव्हा आवळलेल्या पताकेसारखी स्तब्ध असलेली धक्क्यावरची निशाणे एकदम फडफडली. खारा वारा आला होता.

आम्ही स्वतः होडीत बसलो की नाही, असे काही वाचक विचारतील. बसलो. पुढे शिकविणारा, मागे आम्ही. काठ सोडताना हात कापत होते. काठावर बाबा उभे होते, पाण्याकडे पाहत. परतलो तेव्हाही ते तसेच उभे होते.

गेल्या महिन्यात आम्ही त्या दूरच्या सोबत्यास पत्र लिहिले. त्या दुपारी आग्रह आमचा होता, एवढेच त्यात आहे. उत्तर अजून यावयाचे आहे.